योम हाशोआची स्मरणसभा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेसाह हा ज्यूंचा सण संपला की हे प्रश्न यायला लागतात. काही मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडमधल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांतून येतात, काही शिक्षकांकडून, आणि बरेचसे पहिल्यांदाच सिनेगॉगची, म्हणजे ज्यू प्रार्थनाघराची, पायरी चढणाऱ्या शेजाऱ्यांकडून. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. योम हाशोआ म्हणजे काय? ही सभा कशासाठी असते?

नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या सुमारे ६० लाख ज्यूंना ठरवून मारलं. त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती. या संहाराला हिब्रूत शोआ आणि इंग्रजीत होलोकॉस्ट म्हणतात, आणि त्यात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस तो योम हाशोआ. इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, १९५१ साली हा दिवस ठरवला आणि १९५९ साली त्याचा कायदा केला. दिवसाच्या पूर्ण नावात शोआबरोबर शौर्याचाही उल्लेख आहे, कारण वॉर्सा घेटोतल्या, म्हणजे नाझींनी कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यूंनी १९ एप्रिल १९४३ रोजी हत्यारं उचलली आणि जवळजवळ महिनाभर झुंज दिली, तेही यात स्मरायचं असतं.

सभेचा गाभा साधा आहे. गेलेल्यांची नावं मोठ्याने घ्यायची आणि त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायची. बाकी सगळं त्याभोवती येतं.

२. तारीख दरवर्षी का बदलते? आणि कधी कधी सभा ठरल्या तिथीला न होता एक दिवस पुढे-मागे का होते?

हा दिवस हिब्रू पंचांगातल्या निसान महिन्याच्या २७ तारखेला येतो, म्हणून इंग्रजी तारीख एप्रिल ते मे या दिवसांत सरकत राहते. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे सभा बहुतेक ठिकाणी आदल्या संध्याकाळी होते. कॅलेंडरवर छापलेल्या तारखेला संध्याकाळी येऊन दार बंद पाहणारे लोक दरवर्षी असतात. छापलेली तारीख दिवसाची असते, सभा तिच्या आदल्या रात्री.

पंचांगाच्या रचनेमुळे २७ निसान फक्त मंगळवार, गुरुवार, शुक्रवार किंवा रविवार या चारच वारी येऊ शकतो. शुक्रवारी आला, तर दिवसाचा शेवट शब्बाथच्या (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या) तयारीत जाईल म्हणून तो गुरुवारी पाळतात. रविवारी आला, तर आदल्या रात्रीची सभा शब्बाथ सुटता सुटता होईल आणि तिच्या तयारीत शब्बाथ मोडेल, म्हणून १९९७ पासून तो सोमवारी पाळतात.

पुढच्या तारखा: २०२६ मध्ये मंगळवार १४ एप्रिल (सभा १३ च्या रात्री), २०२७ मध्ये मंगळवार ४ मे (सभा ३ च्या रात्री), २०२८ मध्ये २७ निसान रविवारी येतो, म्हणून सोमवार २४ एप्रिल (सभा २३ च्या रात्री).

३. २७ जानेवारीलाही असाच दिवस असतो ना? मग दोन कशाला?

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत पोहोचलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २००५ मध्ये ती तारीख जगाचा स्मृतिदिन म्हणून ठरवली. त्या दिवशीचे कार्यक्रम सहसा सरकारी, शाळा-कॉलेजांतले, वकिलातींचे असतात. योम हाशोआ समाजाचा स्वतःचा दिवस आहे आणि त्यात प्रार्थना असते. शाळेला कार्यक्रम करायचा असेल तर जानेवारीची तारीखच सोयीची, कारण एप्रिलमध्ये परीक्षा असतात. मात्र २०२९ साली २७ जानेवारी शनिवारी येतो. सिनेगॉगला सहभागी करायचं असेल तर त्या वर्षी रविवार धरा. शब्बाथला मेणबत्ती पेटवणं, ध्वनिक्षेपक, फोटो यांतलं काहीच होणार नाही.

४. आम्ही ज्यू नाही. आलो तर चालेल का? काय घालून यावं?

जरूर या. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. किप्पा दारात ठेवलेला असतो, पण साधी टोपी किंवा रुमालही चालतो. बायकांनी खांदे झाकलेले असावेत, आणि पदर, ओढणी किंवा स्कार्फ जवळ असू द्यावा. रंगाचा नियम नाही.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये नरिमन हाउस या मुंबईतल्या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून मुंबईतल्या सिनेगॉगबाहेर पोलीस असतात. फोटो असलेलं ओळखपत्र आणा, मोठी बॅग आणू नका. आपलं नाव एक-दोन दिवस आधी कळवलंत तर दारात थांबावं लागत नाही. आतले किंवा दारावरच्या बंदोबस्ताचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

५. येताना फुलं किंवा हार आणावा का? उदबत्ती लावतात का?

नाही. ज्यू परंपरेत मृतांच्या फोटोला हार घालत नाहीत, धूप-उदबत्ती नसते, पुष्पचक्रही नसतं. दफनभूमीत गेलात तर कबरीवर लहानसा दगड ठेवतात. काही द्यावंसं वाटत असेल तर वेळ द्या: नावं वाचणाऱ्यांत आपलं नाव नोंदवा (प्रश्न ११).

६. सभेत क्रमाने काय काय होतं? किती वेळ लागतो?

सव्वा ते दीड तास. मुंबईत त्या दिवसांत सूर्यास्त सात वाजण्याच्या सुमारास होतो, म्हणून साडेसातला अरवीत म्हणजे रात्रीची प्रार्थना. तिच्यातच ओमेरची मोजणी येते, म्हणजे पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवसांची रोजची गणती. २७ निसानच्या रात्री ओमेरचा १२ वा दिवस मोजतात, सभा एक दिवस अलीकडे असेल तर ११ वा, पलीकडे असेल तर १३ वा. कार्यपत्रिका मागच्या वर्षीवरून उतरवली की हा आकडा हमखास चुकतो.

त्यानंतर सहा मेणबत्त्या (प्रश्न ७), तेहिलीम या स्तोत्रसंग्रहातली एक-दोन स्तोत्रं, नावांचं वाचन, शोआतून बचावलेल्या कुणाच्या तरी साक्षीतला एक उतारा, हश्काबा आणि कद्दीश या प्रार्थना (प्रश्न ८ आणि ९), शेवटी उभं राहून दोन मिनिटं शांतता. नावांना किमान वीस मिनिटं राखून ठेवा. वेळ कमी पडला तर भाषण कापा, नावं कापू नका.

इस्रायलमध्ये सकाळी १० वाजता देशभर दोन मिनिटं भोंगा वाजतो आणि रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. आपल्याकडे तो नसतो. कुणी मोबाइलवरून भोंग्याचा आवाज लावतात, पण मध्येच जाहिरात लागते किंवा फोन येतो. घड्याळ लावून पाळलेली शांतता बरी.

७. मेणबत्त्या सहाच का? सातवी कधी लावतात? आणि त्या विझतात त्याचं काय करायचं?

सहा म्हणजे ६० लाख, दर दहा लाखांमागे एक. जेरुसलेमला याद वाशेम या स्मारकसंस्थेत सहा मशाली असतात आणि त्या वाचलेल्यांच्या हातून पेटवतात. काही ठिकाणी सातवी मेणबत्ती लावतात, ज्यूंना वाचवणाऱ्या इतर धर्मीयांसाठी. ती लावायची तर कुणासाठी ते मोठ्याने सांगा, नाहीतर लोक मोजत बसतात.

आता विझण्याचं. एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखे चालू असतात, आणि पंख्याखाली उघडी मेणबत्ती पाच मिनिटंही टिकत नाही. पंखे बंद केले तर ज्येष्ठांना त्रास होतो. यावर उपाय उंच काचेचा. जुन्या कंदिलाची चिमणी किंवा खोल काचेचा ग्लास घ्या आणि आतली मेणबत्ती काठापासून चार बोटं खाली राहू द्या. बारीक मेणबत्त्या गरमीने वाकतात, जाड घ्या. सगळ्या काचा स्टीलच्या परातीत वाळू पसरून तिच्यावर ठेवा, कारण तापलेली काच लाकडी टेबलावर डाग पाडते आणि कधी तडकतेही. लांब दांड्याचा लायटर ठेवा. काडेपेटीने खोल ग्लासात हात भाजतो.

स्मरणाची ज्योत फुंकून विझवत नाहीत, ती आपोआप शांत होऊ देतात. म्हणून २४ तास जळणाऱ्या मेणबत्त्या घरासाठी ठेवा. सभागृहाला रात्री कुलूप लागणार असेल तर दोन-तीन तासांच्या मेणबत्त्या पुरतात. त्या शांत होईपर्यंत कोण थांबणार ते आधीच ठरवा.

८. कद्दीश कोण म्हणतं? दहा माणसं जमली नाहीत तर?

कद्दीशला मिनयान लागतो. आपल्या सिनेगॉगमधल्या रिवाजाप्रमाणे तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष. पाहुणे कितीही असले तरी ते यात मोजले जात नाहीत, त्यात त्यांचा अनादर नाही. रिफॉर्म पंथात स्त्री-पुरुष दोघांनाही मोजतात. रायगडमधल्या काही गावांत आता मिनयान जमवणं अवघड झालं आहे. तिथे दोन गोष्टी करता येतात: जवळच्या शहरातून तीन-चार जणांना आधीच बोलावून घ्यायचं, किंवा कद्दीश वगळून स्तोत्रं आणि नावं वाचायची. स्तोत्रांना आणि नावांना मिनयान लागत नाही. नऊ जणांवर कद्दीश म्हणून टाकू नका.

कद्दीशची भाषा अरामी आहे आणि तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही. ती देवाच्या नावाची थोरवी आहे. पत्रिकेत ती देवनागरीत छापा, निदान सगळ्यांनी म्हणायचं उत्तर तरी: ‘आमेन, येहे शेमे रब्बा मेवारख’. ज्यांचे आईवडील हयात आहेत असे काही जण स्वतः कद्दीश म्हणत नाहीत. त्यांना आग्रह करू नका.

९. ‘एल माले रहामीम’ म्हणायचं की हश्काबा?

दोन्ही मृतांसाठीच्या प्रार्थना. पहिली अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची. हश्काबा सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, परंपरेतली, आणि बेने इस्रायल व इराककडून आलेले बगदादी ज्यू दोघेही तीच परंपरा पाळतात. आपल्या हझ्झनना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, जी येते ती म्हणावी. मारले गेलेले बहुसंख्य अश्केनाझी होते म्हणून काही जण ‘एल माले’चा आग्रह धरतात, पण ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीचे सेफार्दीही त्यांत होते. १९४३ च्या मार्च ते ऑगस्ट या काळात त्या एका शहरातून ४५ हजारांहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला नेलं. दोन्ही म्हणायच्या असतील तर एकामागून एक म्हणा, एकीत दुसरीच्या ओळी मिसळू नका.

१०. निसान महिन्यात शोक करत नाहीत. मग ही सभा चालते कशी?

आक्षेप खरा आहे आणि जुना आहे. निसान हा इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा महिना. त्यात ताहनून ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत नाहीत आणि मृताचं गुणगान करणारी शोकभाषणं टाळतात. सुरुवातीला वॉर्सा उठावाचीच तिथी सुचवली गेली होती, पण ती १४ निसान, म्हणजे पेसाहची पूर्वसंध्या. शेवटी २७ निसान ही तडजोड ठरली: पेसाहनंतर आणि इस्रायलच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवडाभर आधी.

इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने मात्र १० तेवेत हा उपवासाचा दिवस, जो साधारण डिसेंबर-जानेवारीत येतो, सार्वत्रिक कद्दीशचा दिवस ठरवला. व्यवहारात बहुतेक सिनेगॉग दोन्ही पाळतात. निसानमध्ये नावं, स्तोत्रं, साक्ष आणि कद्दीश होतात, शोकभाषण होत नाही. आपले हझ्झन हरकत घेत असतील तर हीच मांडणी त्यांच्यापुढे ठेवा. दफनभूमीत सभा घेण्याचा विचार या महिन्यात सोडूनच द्या. कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या, घराण्यातले पुरुष तर एरवीही तिथे आत येत नाहीत.

११. नावं कुठून आणायची? किती आणि कशी वाचायची?

याद वाशेमच्या संकेतस्थळावर नावांची सूची सर्वांसाठी मोफत खुली आहे. तिच्यात ५० लाखांच्या आसपास नावं जमली आहेत. इतक्यांतून निवडायची कशी, असा प्रश्न पडतो. आमचा सल्ला असा की एकच गाव घ्या. ‘वेगवेगळ्या देशांतली’ नावं गोळा केली की ती नुसती यादी वाटते. एकाच गावाची घेतली की आडनावं पुन्हा येतात, आई, आजी, तीन भावंडं एकामागून एक येतात, आणि ऐकणाऱ्याला घर दिसू लागतं.

प्रत्येक ओळीत चार गोष्टी: नाव, वय, गाव, आणि ठाऊक असेल तर मृत्यूचं ठिकाण. अशी ओळ नीट वाचायला सुमारे दहा सेकंद लागतात, म्हणजे वीस मिनिटांत १२० नावं. सहा वाचक घेतले तर प्रत्येकाला वीस. (पाच सेकंदांना एक नाव धरलं आणि रात्रंदिवस वाचत राहिलं, तरी ६० लाख नावांना ३४७ दिवस लागतील.)

यादी करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. सूचीत काही जण बचावलेलेही असतात, म्हणून मृत्यूची नोंद असलेलीच नावं घ्या. एकाच व्यक्तीची दोन-तीन नातेवाइकांनी वेगवेगळी नोंद केलेली असते, कधी रिव्का, कधी रेगिना. आईवडिलांची नावं जुळवून पाहिली की लक्षात येतं. काही तान्ह्या मुलांचं नावच नोंदीत नसतं, कारण माहिती देणाऱ्याला ते आठवलं नाही. अशी ओळ वगळू नका. ‘हाना आणि मोशे यांचं मूल, वय एक वर्ष’ असं वाचा.

यादी १६ टायपात, ओळींत भरपूर जागा सोडून, कागदावर छापा. मोबाइलवरून वाचू नका, पडदा मिटतो आणि ओळ हरवते. वाचकाने नावाआधी-नंतर काही बोलायचं नाही, स्वतःची ओळखही द्यायची नाही. कंठ दाटून आला तर थांबावं, शेजारी उभ्या असलेल्याने पुढचं नाव घ्यावं. बायका आणि ज्यू नसलेले पाहुणेही नावं वाचू शकतात.

१२. ही पोलिश-हंगेरियन नावं आम्हाला उच्चारताच येत नाहीत. चुकलं तर?

आधी देवनागरीत लिहून काढा, निम्मं काम तिथेच होतं. काही किल्ल्या: पोलिश आणि जर्मन नावांत ‘जे’ म्हणजे य, ‘डब्ल्यू’ म्हणजे व. म्हणून याकोब, रिव्का. ‘सीएच’ म्हणजे च नव्हे. ते नाव खाईम आहे, चाईम नाही. पोलिशमध्ये ‘एसझेड’ हा श, ‘सीझेड’ हा च. हंगेरियनमध्ये नेमकं उलटं, तिथे ‘एस’ एकटा आला की श आणि ‘एसझेड’ म्हणजे स. जर्मन ‘झेड’चा उच्चार त्स. ज्या पोलिश शहराला आपण लोड्झ म्हणतो त्याचा उच्चार तिथे वूच असा आहे. हिब्रूवरून आलेली नावं तर आपल्या घरातलीच आहेत: सारा, राहेल, शिमोन, दावीद. संकोच वाटला तर सभेआधी एकदा मोठ्याने वाचून बघा. अडखळत का होईना, पूर्ण नाव घ्या, ‘वगैरे’ म्हणून पुढे जाऊ नका.

१३. आमच्या आजीचे युरोपातले नातेवाईक गेले. त्यांची नावं कुठे नोंदवता येतील?

याद वाशेमचा साक्षपत्राचा अर्ज असतो. एका व्यक्तीला एक अर्ज. त्यात नाव, लग्नाआधीचं आडनाव, आईवडिलांची आणि जोडीदाराची नावं, जन्मतारीख आणि गाव, युद्धाआधीचा पत्ता, व्यवसाय, युद्धकाळात कुठे होते, मृत्यू कधी व कुठे, आणि शेवटी भरणाऱ्याचं नाव व नातं. सगळे रकाने भरता आले पाहिजेत असं नाही. साल नक्की नसेल तर ‘सुमारे’ लिहा, अंदाजाने पक्की तारीख घालू नका. आधी सूचीत शोधा. नोंद असली तरी तुमच्याकडची जास्तीची माहिती आणि फोटो पाठवता येतो. नातेवाईकच हवा असं नाही, शेजारी किंवा ओळखीचाही अर्ज भरू शकतो. घरात ज्येष्ठ व्यक्ती असेल तर हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

१४. मृत्यूचा दिवसच माहीत नाही. वर्षाचं स्मरण कधी करायचं?

अशांसाठीच १० तेवेत आहे (प्रश्न १०). काही घराण्यांत त्या गावातून छावणीकडे शेवटची गाडी निघाली तो दिवस धरतात. हझ्झनना विचारून एक तिथी ठरवा आणि मग दरवर्षी तीच ठेवा.

१५. बेने इस्रायल तर कोकणातले. आपलं त्यात कुणी गेलं नाही. मग आपण का पाळायचं?

हा प्रश्न समाजातलेच लोक दबक्या आवाजात विचारतात. कद्दीश म्हणायला कुणी उरलं नाही अशी हजारो घरं त्या संहारात गेली. त्यांच्यासाठी ती म्हणणं कुणाही ज्यूचं काम आहे, एवढं उत्तरही पुरेसं आहे. पण इतिहासही तितका दूरचा नाही.

१९३३ नंतर जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकियातून निसटलेले ज्यू मुंबईत येऊ लागले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये इथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. आलेल्यांत डॉक्टर होते, चित्रांचे जाणकार होते. वॉल्टर कॉफमन हा संगीतकार १९३४ ते १९४६ मुंबईत होता. आकाशवाणीची सकाळची ओळखधून त्याची मानली जाते. पुढे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने यांतल्या अनेकांना ‘शत्रूराष्ट्राचे नागरिक’ म्हणून पकडलं. हिटलरपासून पळून आलेले काही ज्यू पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत राहिले.

बगदादी घरांची आठवण वेगळी. १९४१ च्या जूनमध्ये, शावुओत सणाच्या दिवसांत, बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, तिला फरहूद म्हणतात. भायखळा आणि फोर्टातल्या सिनेगॉगशी नातं असलेल्या कुटुंबांना तिचा उल्लेख सभेत हवा असतो. एक स्तोत्र त्यांच्यासाठी म्हणणं योग्यच आहे.

१६. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीतले पोलिश लोक होलोकॉस्टमधून वाचलेलेच ना? त्यांना बोलवावं का?

इथे गल्लत होते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, पण ते बहुतांश कॅथलिक होते. त्यांना सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं, आणि तिथून इराणमार्गे ते भारतात आले. नवानगरच्या जामसाहेबांनी गुजरातेत बालाचडीला सांभाळलेली मुलंही मुख्यतः अशीच. त्यांचं दुःख मोठं आहे, कोल्हापूरने त्यांना दिलेला आसरा अभिमानाचा आहे, आणि महावीर उद्यानात त्याचा स्तंभही आहे. पण भाषणात ‘होलोकॉस्टमधून वाचलेले’ असा उल्लेख करू नका, तो दोन्ही इतिहासांवर अन्याय होतो. पाहुणे म्हणून ते किंवा त्यांची मुलं-नातवंडं जरूर यावीत.

१७. मुलांना आणावं का?

दहा वर्षांखालच्यांना मेणबत्त्या आणि स्तोत्रांपर्यंत थांबवा, नंतर बाहेर न्या. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना एका मुलाची किंवा एका कुटुंबाची हकीकत कळते. गॅस चेंबरचे तपशील त्यांना नकोत. त्यापुढच्यांनी नावं वाचावीत, ती फार मन लावून वाचतात. प्रेतांच्या राशींचे फोटो कुणालाच दाखवू नका. ते बहुधा मारणाऱ्यांच्या किंवा सैन्याच्या कॅमेऱ्यातून आलेले असतात आणि त्यांत माणूस ओळखू येत नाही. युद्धाआधीचे शाळेतले, लग्नातले, समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो शोधा.

१८. आमच्या दारावर, लॉकेटवर स्वस्तिक आहे. सभेला येताना अडचण होईल का?

इथल्या ज्यूंना नाही. शेजारच्या दारातल्या रांगोळीत ते पिढ्यान् पिढ्या स्वस्तिक पाहत आले आहेत. नाझींचं चिन्ह वेगळं होतं: काळं, बहुधा ४५ अंशांत तिरकं, लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या वर्तुळात. पण सभेत परदेशी पाहुणे, क्वचित वाचलेल्यांचे वंशजही असतात, आणि त्यांना हा फरक डोळ्यांनी लगेच कळत नाही. लॉकेट कपड्यांच्या आत घेतलंत तर त्यांच्यावर उपकार होतील. आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो: ‘हिटलर शिस्तीचा होता’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. शिक्षकांनी वर्गाला आणण्याआधी त्यावर बोलून घ्यावं.

१९. प्रमुख पाहुणे कोण? शाल-श्रीफळ, सत्कार कधी ठेवायचा?

ठेवायचाच नाही. सत्कार, पुष्पगुच्छ, फीत, मंचावरच्या खुर्च्या, टाळ्या यांतलं काही या सभेत नसतं. मेणबत्त्या मान्यवरांच्या हातून लावायचा मोह टाळा. वाचलेल्यांचे नातेवाईक, तरुण, समाजातले ज्येष्ठ यांची सहा नावं आठवडाभर आधी ठरवा आणि एक राखीव ठेवा. राजदूत किंवा मंत्री आले तर पहिल्या रांगेत बसतील आणि बोलायचंच असेल तर पाच मिनिटं, तेही नावांच्या आधी. नावांनंतर भाषण झालं की नावं विरून जातात. ‘टाळ्या वाजवू नयेत’ हे सुरुवातीलाच एकदा सांगा, नाहीतर साक्षीचा उतारा संपताच टाळ्या पडतात.

२०. ६० लाख हा आकडा खरा आहे का? व्हॉट्सअॅपवर वेगळंच वाचलं.

खरा आहे. संशोधकांचे हिशेब ५१ लाखांपासून ६० लाखांच्या थोडं वर इथपर्यंत येतात, त्याहून खाली आज कुणी गंभीर अभ्यासक जात नाही. आधार तीन प्रकारचे आहेत. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या लोकसंख्येतला फरक: एकट्या पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू होते, त्यांतले सुमारे ३० लाख मारले गेले. दुसरा आधार नाझींचीच कागदपत्रं. जानेवारी १९४३ च्या एका जर्मन तारेत १९४२ अखेरपर्यंत पोलंडमधल्या चार छावण्यांत पोहोचवलेल्या ज्यूंचा आकडा १२,७४,१६६ दिला आहे. कीव्हजवळ बाबी यार इथे २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्याची नोंद मारणाऱ्यांनीच केली. तिसरा आधार म्हणजे प्रश्न ११ मधली नावं. सभेत कुणी वाद काढला तर तिथे उत्तर देत बसू नका, हे उत्तर छापून हातात द्या.

२१. रोमा लोकांचं आणि इतर वंशसंहारांचं स्मरण याच सभेत करावं का?

रोमा आणि सिंती लोकांनाही नाझींनी वंशावरून मारलं. त्यांचा स्मृतिदिन २ ऑगस्ट आहे. १९४४ साली त्या रात्री ऑशविट्झमधला त्यांचा विभाग संपवला गेला. त्यांचे पूर्वज भारतातून गेले आणि त्यांच्या भाषेत पाण्याला आजही पानीच म्हणतात, तेव्हा इथल्या सभेत त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा. आर्मेनियन लोकांचा दिवस २४ एप्रिल, रवांडाचा ७ एप्रिल. २०२५ साली योम हाशोआ आणि २४ एप्रिल एकाच दिवशी आले होते. एका सभेत सगळ्यांना कोंबलं की प्रत्येकाच्या वाट्याला एक वाक्य येतं. २७ जानेवारीला एकत्र कार्यक्रम करा आणि त्या त्या समाजाच्या माणसाला बोलू द्या.

२२. ७ ऑक्टोबर २०२३ आणि त्यानंतरच्या युद्धाबद्दल बोलणार का?

काही सिनेगॉगमध्ये हमासच्या त्या दिवशीच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये मारल्या गेलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना म्हणतात. म्हणायची तर ती अरवीतनंतर लगेच म्हणा, सहा मेणबत्त्यांत आणि नावांच्या यादीत मिसळू नका. युद्धावरची मतं, घोषणा, फलक, कोणत्याही बाजूचे, इथे नकोत. नरिमन हाउसमध्ये मारल्या गेलेल्यांचं स्मरण नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र होतं.

२३. सभेनंतर खाणंपिणं असतं का?

हा उपवासाचा दिवस नाही. पेसाह संपलेला असतो, म्हणून त्यात वर्ज्य असलेली पाव-बिस्किटंही चालतात. चहा आणि शाकाहारी काही ठेवा, म्हणजे दूध आणि मांस एकत्र न खाण्याच्या नियमाचा प्रश्न येत नाही. जेवणावळ नको.

२४. येता येणं शक्य नाही. घरी कसं पाळता येईल?

सूर्यास्तानंतर २४ तासांची एक मेणबत्ती लावा. ती नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी, त्यावर खोबरेल तेल आणि तरंगती वात. किती तेलाला किती तास, हे आदल्या दिवशी लावून पाहा, कारण वातीच्या जाडीवर सगळं अवलंबून असतं. एक स्तोत्र वाचा, दहा नावं मोठ्याने घ्या. एकट्याने कद्दीश म्हणू नका (प्रश्न ८). सभा फोनवरून ऐकत असाल तर आमेन म्हणा, पण तुम्ही मिनयानमध्ये धरले जात नाही.

२५. उरलेल्या पत्रिका आणि नावांच्या याद्या टाकून द्यायच्या का?

हिब्रू लिपीत देवाचं नाव छापलेला कागद रद्दीत किंवा कचऱ्यात जात नाही. तो गेनिझाच्या पेटीत ठेवतात आणि पेटी भरली की दफन करतात. हे टाळायचं तर हिब्रू मजकूर वेगळ्या पानावर छापा आणि तेवढीच पानं दारात परत घ्या. नावांच्या याद्या फाइलला लावून ठेवा, गाव आणि साल वर लिहा. पुढच्या वर्षी दुसरं गाव घेताना कोणती नावं वाचून झाली ते कळतं, आणि वाचकांनी पेन्सिलने मारलेल्या उच्चारांच्या खुणाही कामी येतात.